अर्धं टेबल

टेबल चमकतं ते पॉलिशच्या शेवटच्या हाताने, असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर ते चमकतं आधीच्या घासण्याने, पण तेवढा वेळ बघत कोण उभं राहणार? त्यात बघणाऱ्याचा दोष नाही. घासणं ही मुळात बघण्यासारखी गोष्टच नाही. हात पुढे जातो, मागे येतो, भुकटी उडते आणि बऱ्याच वेळाने लाकूड आधी होतं तसंच दिसतं. फरक कळतो तो तळव्याला.

या घासण्यात ज्याची हयात गेली, त्याला बाजारात सपाट म्हणत. नाव मेहुणीने थट्टेत ठेवलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी हा माणूस बसण्याआधी टेबलावरून तळवा फिरवायचा आणि काही न बोलता हात मागे घ्यायचा. घरच्या बाईला वाटायचं, धूळ बघतो आहे. ती फडकं आणायला धावायची.

त्याचा भागीदार म्हणजे त्याचा साडू. त्याला झकास म्हणत, कारण पॉलिशचा प्रत्येक हात दिला की दोन पावलं मागे सरून तो हाच एक शब्द बोलायचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली सपाटची, धाकटी झकासची. दोन्ही घरांची पाठ एकाच भिंतीला, पाण्याचा नळ एकच आणि मागे पत्र्याची शेड. तेच दुकान. कामाची वाटणी कधी बसून ठरवलेली नव्हती. सपाट सँडपेपरने घासायचा, आधी जाड कागदाने, मग मधल्या, मग बारीक. ओलं फडकं फिरवून लाकडाचे केस, म्हणजे दबलेले बारीक तंतू, उभे करायचा, वाळू द्यायचा आणि पुन्हा घासायचा. त्यानंतर झकास रंगाचं पाणी द्यायचा आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापसाच्या बोळ्याने पातळ हातावर पातळ हात चढवत जायचा. गिऱ्हाईक यायचं ते बरोबर शेवटच्या हाताला. बघायचं झकासकडे आणि म्हणायचं, काय हात आहे तुमचा. सपाट तोपर्यंत पुढच्या कामाच्या खुर्चीचे पाय घासत असायचा. त्याचं त्याला वाईट वाटत असेल असं कुणाच्या मनातही येत नसे. त्याच्याही फारसं येत नसे.

मग तयार फर्निचरची दुकानं झाली. लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवलेल्या फळ्या, डाग पडला तर फेकून द्या. जुनं घासून घेणारी माणसं कमी झाली. शेडमध्ये दुपारी दोघं समोरासमोर बसून चहा प्यायला लागले आणि चहा संपल्यावरही बसूनच राहिले. तेव्हा धाकटीने कंबर कसली. आपण कामाचे व्हिडिओ करू, ती म्हणाली. बघतील त्यातले चार जण तरी कपाट घेऊन येतील.

पहिला व्हिडिओ तिने फोन रंगाच्या पालथ्या डब्यावर टेकवून केला. एक जुनी खुर्ची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काही न कापता. तो बघितला नात्यातल्या लोकांनी आणि समोरच्या चहावाल्याने. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘काका दमले का माहीत नाही, मी दमलो.’ धाकटीने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. सपाटही हसला.

पण ती हसून सोडून देणारी नव्हती. लोक का येतात आणि का जातात याचा तिने पिच्छा पुरवला. पहिल्या क्षणाला काहीतरी घडलं नाही तर बोट वर सरकतं, हे तिला कळलं. मग ती व्हिडिओची सुरुवात शेवटापासून करू लागली: आधी चमकणारी खुर्ची, मग मळकी. ‘जुन्या खुर्चीचे पॉलिश’ हे नाव बदलून तिने ‘ही खुर्ची भंगारात चालली होती’ असं ठेवलं. सपाटने हरकत घेतली. चालली नव्हती, म्हणाला, तिच्यावर रोज बसत होते. भंगारात जायला वेळ किती लागतो, म्हणाली.

तिच्या फोनमध्ये एक रेघ दिसायची. व्हिडिओच्या कोणत्या क्षणाला किती माणसं अजून बघत आहेत, ते ती रेघ दाखवायची. सुरुवातीला रेघ उंचावर असे. घासणं सुरू झालं की छपरावरून घसरल्यासारखी खाली यायची आणि तिथेच पडून राहायची. धाकटीने ती सपाटपुढे धरली.

“भावोजी, रागावू नका. तुम्ही कागद हातात घेतला की माणसं उठून जातात.”

सपाटने चष्मा लावून रेघ नीट पाहिली. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “मीसुद्धा गेलो असतो.”

तेव्हापासून घासणं कापलं गेलं. व्हिडिओत मळकं लाकूड दिसायचं, डोळ्याची पापणी लवायच्या आत ते गुळगुळीत व्हायचं आणि झकासचा हात यायचा. धाकटीच्या मनात काही वाकडं नव्हतं. कामाचा मोठा भाग कापावा लागला, आणि तो एकाच माणसाचा होता, एवढंच.

खरी गर्दी झाली ती अर्ध्या-अर्ध्याने. टेबलाच्या मधोमध चिकटपट्टी लावायची. एका अर्ध्या भागाला रंग आणि पॉलिश पूर्ण द्यायचं, दुसरं अर्धं तसंच मुकं ठेवायचं. मग फोनसमोर चिकटपट्टी हळूच ओढायची. एकीकडे आरसा, एकीकडे पायपुसणं, मधे सुरीने कापल्यासारखी कड. पहिल्या अशा व्हिडिओला आठवडाभरात इतके लोक आले की धाकटीला आकडा दोनदा वाचावा लागला. ती नळावर उभी राहून थोरलीला सांगत होती आणि बादली वाहून चालली होती, तरी दोघींचं लक्ष नव्हतं. दूरदूरच्या लोकांचे फोन यायला लागले. शेडमध्ये कपाटं दाटीवाटीने उभी राहिली. दुपारच्या चहाला बसायला जागा उरली नाही.

आता यातली अडचण अशी, की पॉलिशवाला टेबल कधी अर्ध्यात थांबवत नाही. थांबला की सांधा राहतो. चिकटपट्टीच्या कडेला रंग दाटून बसतो. उरलेलं अर्धं नंतर कितीही सांभाळून रंगवा, मधे केसाएवढी गडद रेघ उमटते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. खिडकीतून तिरकं ऊन आलं तरच दिसते. सपाटला त्यासाठी ऊन लागत नसे. तळवा फिरवला की त्याला रेघ लागायची, दातात अडकलेल्या तंतूसारखी.

सांधा घालवायचा तर फक्त तेवढीच जागा घासून चालत नाही, खड्डा पडतो. सगळा पृष्ठभाग खाली आणावा लागतो. म्हणजे व्हिडिओ झाला, लोकांनी वाहवा केली की सपाटने ते सगळं पॉलिश पुन्हा उतरवायचं, लाकूड पुन्हा नागडं करायचं आणि मग झकासने अख्खं टेबल एकसंध करायचं. एका कामाला दोनदा घासणं. दुसरं घासणं व्हिडिओत नसायचं आणि हिशेबातही नसायचं. ते कुणी मुद्दाम लपवलं नव्हतं. घासणं हे सपाटचं, आणि सपाट तर घासतोच, इतकं ते साधं होतं.

त्याचा खांदा भरून यायला लागला. थोरली तेल लावून द्यायची आणि विचारायची, बोलत का नाही? तो म्हणायचा, दुकान चाललंय ना. पुढचं तो बोलत नसे, पण तिला ठाऊक होतं. तो नाही म्हणाला तर अर्धं-अर्धं बंद, अर्धं-अर्धं बंद तर गर्दी बंद, आणि मग नळावर दोन बहिणी एकमेकींकडे पाठ करून बादल्या भरणार. एकदा त्याने झकासकडे विषय काढून पाहिला. साडूभाऊ, जाड लाकूड आहे, झकास म्हणाला, दोनदा घासल्याने त्याचं काय जातंय? लाकडाचं काही जात नव्हतं, ते खरंच होतं.

मग सिस्टरबाई आल्या. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आवाजात अजून वॉर्डातला कडकपणा. टेम्पोतून त्यांनी जेवणाचं मोठं टेबल उतरवलं आणि सांगितलं की सगळे व्हिडिओ त्यांनी बघितले आहेत, रात्री झोप येत नाही तेव्हा पुन्हापुन्हा बघतात, आणि त्यांचंही टेबल तसंच अर्धं-अर्धं झालेलं त्यांना बघायचं आहे. त्यासाठीच आणलं आहे. धाकटीला आकाश ठेंगणं झालं. इतकं लांबरुंद टेबल आजवर शेडमध्ये आलं नव्हतं.

सपाट खाली वाकला आणि त्याने टेबलाची कड पाहिली. मग उठून तळवा फिरवला. लाकूड अख्खं नव्हतं. खाली साधी फळी आणि वर उंची लाकडाचा पापुद्रा, जाड कागदाएवढा, चिकटवलेला. तोही आधी कुणीतरी कधीतरी घासलेला. एका बाजूला फळी ओलाव्याने किंचित फुगली होती. दिसत नव्हती, लागत होती.

सिस्टरबाई गेल्यावर त्याने तिघांना सांगितलं. “याच्यात एकच घासणं उरलंय. हे अर्धं करायचं नाही.”

त्याने आजवर इतकं स्पष्ट काही सांगितलं नव्हतं. झकासने कडेकडे पाहिलं. पण धाकटी म्हणाली की बाईंनी स्वतः मागितलंय, आणि गिऱ्हाइकाने मागितलेलं द्यायचं नाही तर दुकान कशाला मांडलंय? थोरली मधे पडली. या एका वेळी होऊ द्या, मग बघू, असं ती दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली. सपाटने मान हलवली ती नाहीचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी चहा घेऊन शेडमध्ये आली. एरवी चहा थोरली आणायची. कप ठेवून ती स्टुलावर बसली.

“भावोजी, मी काय म्हणते, या वेळी कापायचंच नाही. चिकटपट्टी काढली, मधली रेघ लोकांना दाखवली, आणि मग तुम्ही. आमचे भावोजी ही रेघ कशी घालवतात ते बघा, असं. पूर्ण. अख्ख्या फ्रेममध्ये तुम्ही.”

“लोक उठून जातील.”

“रेघ दाखवली तर थांबतील. ती जाते का नाही हे बघायला थांबतील. आणि हे काम तुमच्याच हाताने होईल. ह्यांच्याने व्हायचं नाही.”

तिने मानेने झकासच्या खुर्चीकडे खूण केली. खुर्ची रिकामी होती.

धाकटी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या हाताबद्दल बोलली होती. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, म्हणूनच ते लागू पडलं. सपाटने चहा संपवला. हलक्या हाताने होईल कदाचित, म्हणाला. पापुद्रा पातळ आहे हे त्याला चहाच्या आधी जितकं माहीत होतं तितकंच नंतरही माहीत होतं.

पहिलं घासणं त्याने असं केलं की झकाससुद्धा येऊन बघून गेला. बारीक कागदच वापरला, जाडाला हात लावला नाही. जुना थर स्पिरिटच्या फडक्याने उतरवला, कागदाला लाकूड खाऊ दिलं नाही. एरवीच्या तिप्पट वेळ गेला. मग चिकटपट्टी लागली, अर्ध्याला रंग चढला, पॉलिश चढलं, धाकटीने पट्टी ओढली. झकास दोन पावलं मागे सरला आणि आपला शब्द बोलला. मग उरलेलं अर्धं झालं. मधे रेघ उमटली, उमटणारच होती.

ज्या दिवशी ती घालवायची होती त्या दिवशी सपाट इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये आला. घासायच्या कामाला इस्त्रीचा शर्ट. थोरलीने तो आदल्या दिवशी काही न विचारता काढून ठेवला होता. चहावाल्याने विचारलं, मुलगी बघायला चाललात की काय? सपाटने बाह्या दुमडल्या.

धाकटीने फोन डब्यावर टेकवून चालू केला. सपाट घासू लागला.

सगळा पृष्ठभाग खाली आणायचा, हा त्याचा स्वतःचा नियम. तो इथे पाळता येत नव्हता, कारण खाली आणायला लाकूडच नव्हतं. म्हणून त्याने फक्त रेघेच्या दोन्ही अंगांना, वीतभर रुंदीत, कागदावर जवळजवळ वजन न टाकता हात चालवला. रेघ फिकी होत गेली. ती फिकी होताना दिसत होती आणि त्याला हेही कळत होतं की समोर फोन आहे आणि लोक थांबणार आहेत. त्याचा हात लयीला लागला. आयुष्यभर तो डोळे दुसरीकडे ठेवून तळव्याने घासत आला होता. त्या दिवशी तो रेघेकडे बघत होता.

फुगलेली जागा रेघेच्या शेवटाला होती. उंच जागी कागद आधी टेकतो, हे शिकाऊ पोरालाही सांगावं लागतं. चारच हात जास्त गेले असतील. तांबूस लाकडात नखाएवढा पांढुरका ठिपका आला. त्याने कागद उचलला. ठिपक्याला कड होती. ती खालची फळी होती.

त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि फोनकडे न बघता म्हणाला, “बंद कर.”

धाकटी जवळ आली, तिने पाहिलं, आणि तिच्याकडून फोन बंद करायचा राहूनच गेला. झकास आला. रंग लावून झाकता येईल, तो हळूच म्हणाला, एक हात गडद दिला की कुणाच्या लक्षात येणार नाही. सपाट म्हणाला, बाईंना फोन लाव.

सिस्टरबाई दुपारी आल्या. त्यांनी ठिपका पाहिला. जखम बघावी तसा पाहिला, डावीकडून, उजवीकडून, वाकून. झकासने सुरुवात केली की लाकूड फार जुनं, आतून ओलावा धरलेला. सपाटने त्याला पुढे जाऊ दिलं नाही.

“दोनदा घासलं म्हणून फाटलं. व्हिडिओसाठी दोनदा घासलं. एकदाच घासलं असतं तर झालं नसतं.”

धाकटीचं तोंड उतरलं. सिस्टरबाई म्हणाल्या, “पण अर्धं-अर्धं मीच मागितलं होतं.”

“तुम्ही मागणारच. नाही म्हणायचं काम माझं होतं. मला कळत होतं.”

बाईंनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. मग आता काय करायचं ते विचारलं. सपाटने सांगितलं: सगळा पापुद्रा उतरवून नवा बसवायचा. लाकूड त्याच जातीचं मिळेल, पण रेषा त्याच नसतील. टेबल चांगलं होईल, पण हे टेबल राहणार नाही. खर्च दुकानाचा. बाईंनी होकार दिला. दुसरं काही हातात नव्हतंच. धाकटीने तेव्हा धीर करून विचारलं की झालेलं सगळं फोनमध्ये आहे, त्याचा व्हिडिओ लावला तर चालेल का. खरं काय झालं ते सांगून, नीट लावू. लोक शिकतील. असा व्हिडिओ कुणाकडेच नसतो.

“नाही,” बाई म्हणाल्या. “माझं टेबल फाटताना लोकांनी बघायचं नाही.”

धाकटीने सपाटकडे पाहिलं. त्याने शर्टाच्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली. कापायला लागल्यापासून त्याचं एवढं एकच घासणं पूर्ण टिपलेलं होतं, आणि त्याने कधी केलेल्या कामात ते सर्वांत वाईट होतं. “टेबल त्यांचं आहे,” तो म्हणाला.

तिने त्यांच्यासमोरच ते पुसून टाकलं.

पुढचे काही दिवस नळावर बोलणं झालं नाही. धाकटीचं म्हणणं होतं की गिऱ्हाइकासमोर व्हिडिओचं नाव घ्यायची काही गरज नव्हती. ते तिने थोरलीला सांगितलं, थोरलीने सपाटला सांगितलं आणि सपाटने उत्तर कुणामार्फत पाठवलं नाही. तो पापुद्रा उतरवत होता. गरम इस्त्री ओल्या फडक्यावरून फिरवायची, गोंद सैल करायचा, पातीने उचलायचं. झकास न सांगता समोरच्या बाजूने फडकं धरायला आला. दोघांनी ते टेबल पूर्ण केलं. सिस्टरबाईंनी नेलं. चांगलं झालं, म्हणाल्या, आणि जाताना नव्या रेषांवरून बोट फिरवत टेम्पोपर्यंत गेल्या.

टेबल गेल्यावर सपाटने दुकानात त्याच्या आयुष्यातली पहिली अट घातली. गिऱ्हाइकाच्या वस्तूवर अर्धं-अर्धं नाही. करायचं तर दुकानाच्या फळीवर करायचं, आणि ती फळी जो व्हिडिओ करेल त्याने घासायची. झकास म्हणाला, रोज एकच फळी कोण बघेल? सपाट म्हणाला, ते मला माहीत नाही.

धाकटीने आठवडाभर तोंड फुगवून पाहिलं. गर्दी आटत चालली. नवा व्हिडिओ लागला नाही की लोक विसरतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? शेवटी तिने जाड सागवानाची एक जुनी दाराची झडप मिळवली, स्टुलांवर आडवी ठेवली, ओढणी खोचली आणि कागद हातात घेतला. फोन बाजूला डब्यावर होता. तो चालू आहे की नाही हे सपाटने विचारलं नाही. तो खिडकीच्या चौकटीचं काम करत होता.

ती घासत राहिली. थोड्या वेळाने हात बदलला, पुन्हा उजवा घेतला. कपाळावरचा घाम दंडाने पुसला तर भुकटीचा पट्टा उमटला. लाकूड आधी होतं तसंच दिसत होतं.

“झालं का बघा, भावोजी.”

सपाट आला. त्याने तळवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, मग आडवा नेला आणि एका जागी थांबला.

“नाही.”

“कुठे?”

त्याने तिचा हात धरून त्या जागेवर ठेवला आणि पुढे-मागे फिरवला. तिने डोळे बारीक केले. मग बंद केले.

“हां,” ती म्हणाली. “आहे इथे काहीतरी.”

सपाटने खिशातून नवा कागद काढून तिला दिला आणि आपल्या चौकटीकडे गेला.